बैठका चालू आहेत

माझ्या हृदयाबद्दल ऑफिसात कुणाला काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं, तिथेच माझं नशीब फुटलं. एरवी मी काही ठरवण्याच्या भानगडीत पडत नाही. ठरवण्याचं काम घरी ही करते, ऑफिसात साहेब करतात, आणि दोघांनी ठरवलेलं मी निमूटपणे करतो. आयुष्यात एवढा एकच निर्णय माझा मी घेतला आणि त्याची फळं अजून भोगतो आहे.

थंडी सुरू झाली तशी मला जिना चढताना धाप लागायला लागली. (आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पण ती माझ्यापेक्षा जास्त रजा घेते.) हिने मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर इतके तरुण होते की त्यांना अहोजाहो करताना माझी जीभ अडखळत होती. त्यांनी माझ्या छातीला वायरी लावल्या, सरकत्या पट्ट्यावर चालवलं, आणि मला सांगायचं ते सगळं हिच्याकडे बघून सांगितलं.

"हृदय तसं ठीक आहे, पण आळशी झालंय. हे दिवसभर बसून असतात का?"

"बसलेले असतात तो दिवस चांगला म्हणायचा," ही म्हणाली. "सुट्टीला आडवेच असतात."

"थंडीत सगळ्यांचंच तसं होतं. रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब वाढतो, आणि माणूस पांघरुणातून बाहेर येत नाही. पण ह्यांचं असंच चालू राहिलं तर पुढची थंडी जड जाईल."

मग त्यांनी उपाय सांगितला. भल्या सकाळच्या गारठ्यात बाहेर पडायचं नाही, पण घरातल्या घरात रोज हालचाल ठेवायची. जागच्या जागी चालायचं, हात फिरवायचे, आणि खुर्चीला धरून बैठका मारायच्या. सुरुवात थोड्या बैठकांनी करून सावकाश वाढवत न्यायचं. हे ऐकून मी हादरलोच. त्यापेक्षा एखादं कडू औषध दिलं असतं तर मी त्यांचा आजन्म ऋणी राहिलो असतो.

घरी येईपर्यंत ही एक अक्षर बोलली नाही. हिच्याबरोबर संसार केलेल्या माणसालाच कळेल की परिस्थिती किती गंभीर होती.

आता ऑफिसात का कळू द्यायचं नव्हतं, तेही सांगतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतो. माझं टेबल खिडकीखाली आहे आणि ती खिडकी लागत नाही. (तिच्याबद्दलची तक्रारही मीच नोंदवून घेतली आहे.) हॉलमधला हीटर मागच्या थंडीत दुरुस्तीला गेला, तो गेलाच. दोन स्वेटर, मफलर आणि हातमोजे घालून मी लिहितो, त्यामुळे मी काय लिहिलंय ते मलाही वाचता येत नाही. हॉलच्या पलीकडच्या टोकाला हेडक्लार्कची खोली आहे. तिला दार आहे, ते दार लागतं, आणि आत स्वतंत्र हीटर आहे. आमचे हेडक्लार्क लवकरच निवृत्त होणार होते आणि त्यांच्यानंतर सगळ्यात जुना माणूस मी. इतकी वर्षं त्या बंद दाराकडे बघत मी कुडकुडलो होतो. मला पगार नको होता, मान नको होता, मला फक्त ते दार आतून लावायचं होतं.

पण आमच्या साहेबांना आजारी माणूस वर चढलेला चालत नाही. एकाला दमा असल्याचं त्यांच्या कानावर गेलं, तर 'तुम्हाला आराम मिळावा' म्हणून त्यांनी त्याला पाइपांच्या गोदामात पाठवलं. म्हणून मी हिला बजावलं, "ऑफिसातून कुणाचाही फोन आला तरी हृदय, डॉक्टर, तपासणी यातलं काही तोंडातून काढायचं नाही."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कशाला बोलतेस? फक्त खरं सांगू नकोस."

"लग्न ठरवताना तुमच्या घरच्यांनी तेच केलं होतं," ही म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठकीच्या खोलीत माझी हालचाल सुरू झाली. दार लावून मी जागच्या जागी चालायला लागलो. माझ्या पहिल्या पावलाबरोबर कपाटातल्या कपबशा वाजायला लागल्या आणि थोड्याच वेळात दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि त्यांच्यासमोर मी अजूनही हात मागे बांधून उभा राहतो.

"काही कुटताय का?"

"नाही बाई, चालतोय."

"कुठे?"

"इथेच."

"मग अजून पोचला कसे नाहीत?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं वर कुणी घोडा आणून बांधलाय. पायात काहीतरी मऊ घालत जा."

म्हणून हिने मला जाड लोकरीचे मोजे दिले. ते घालून मी चालायला लागलो तो गुळगुळीत फरशीवरून सरळ जेवणाच्या टेबलाखाली गेलो. टेबलाखालून बाहेर काढताना ही म्हणाली, "चालणं राहू द्या. नुसत्या बैठका मारा."

बैठकांबद्दल मी काय बोलू? खाली जाण्याला मुळीच अडचण नसते. शरीराची ती आवडती दिशाच आहे. पण वर यायचं म्हटलं की गुडघे भाव खातात. पहिल्याच बैठकीला असा काही आवाज झाला की हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय मोडलं हो?"

"मीच," मी म्हणालो.

तरी मी नेटाने केलं. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. 'पुढची थंडी जड जाईल' हे वाक्य डोक्यातून जाता जात नव्हतं. छातीत जरा कळ आली की ती कळ नसून दुपारचं जेवण आहे हे कळेपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन मोकळा झालेला असायचो. म्हणून रडतकढत रोज बैठका मारत राहिलो. वीस-पंचवीसपर्यंत मजल गेली.

अशाच एका संध्याकाळी मी खुर्चीला धरून खाली गेलो आणि खालीच राहिलो. वर येण्यासाठी खुर्ची ओढावी तर खुर्चीच माझ्याकडे यायची. तेवढ्यात फोन वाजला. हिने उचलला आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. साहेबांचा फोन होता. मी खालूनच हातवारे करून, काही सांगू नकोस, असं बजावलं. साहेब काय विचारत होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण हिचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"आहेत ना घरी. पण आत्ता फोनवर येता नाही यायचं. बैठका चालू आहेत."

...

"हो, इथेच, आमच्याच घरी. रोज संध्याकाळी दार लावून."

...

"असतात वीस-पंचवीस. हळूहळू शंभरपर्यंत न्यायचं म्हणतात. एकदम वाढवायचं नाही, नाहीतर झेपायचं नाही."

...

"थंडी सुरू झाल्यापासून. खालच्या बाईंनी तक्रारही केली, आवाज होतो म्हणून. आता गुपचूप चालतं."

...

"कुणाच्या सांगण्यावरून ते मला सांगता यायचं नाही हो. बाहेर कुठे बोलू नकोस म्हणालेत."

हिने फोन ठेवला आणि मोठ्या अभिमानाने माझ्याकडे आली. "साहेबांनी उद्या सकाळी भेटायला सांगितलंय," ती म्हणाली. "हृदयाचा 'ह' काढला नाही बघा मी." मग तिने माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. हिच्या हुशारीचं मला कौतुकच वाटलं. (इतका मी गाढव.)

त्या दिवसांत ऑफिसातलं वातावरण तापलं होतं, म्हणजे हवा सोडून बाकी सगळं तापलं होतं. हीटरवरून लोक चिडले होते आणि कधीतरी सगळे मिळून काम बंद करणार अशी कुणकुण होती. साहेबांना जिकडेतिकडे कट दिसत होता. पाण्याच्या नळापाशी तिघे जण उभे राहिले की साहेब खोलीतून बाहेर येऊन स्वतः पाणी प्यायचे. हे सगळं मला माहीत होतं, पण त्याचा माझ्या गुडघ्यांशी काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नाही.

सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांनी उठून दार लावलं, मला खुर्ची दिली आणि हीटर माझ्याकडे वळवला. ते बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिच्या बोलण्यातून साहेबांनी सगळं ओळखलंय, आता मला गोदामात पाठवतील, याबद्दल माझी खात्री पटली.

"तुमच्या त्या बैठकांबद्दल कळलं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "कुणी शिकवलं हे?"

"एक तज्ज्ञ आहेत, साहेब."

"बाहेरचा माणूस?"

"बाहेरचाच. वयाने लहान आहे, पण बोलण्यात जरब आहे."

साहेबांनी कपाळ पुसलं. "आणि हे सगळं कशासाठी?"

"टिकून राहायचं असेल तर दुसरा मार्ग नाही म्हणतात ते."

"कसं करता?"

"खुर्ची धरून," मी सांगितलं.

साहेबांचे दोन्ही हात नकळत स्वतःच्या खुर्चीवर गेले. "खुर्चीपर्यंत आलंय हे?"

"धरावीच लागते साहेब. सध्याची डुगडुगते. एखादी भक्कम खुर्ची मिळाली तर आणखी जोर येईल."

"हे बघा, तुम्ही जुने माणूस आहात. काय हवं ते मला सरळ सांगा, पण ह्या बैठका बंद करा."

"बंद केल्या तर जिवावर बेतेल," मी काकुळतीला येऊन म्हणालो. "आणि साहेब, राग मानू नका, पण तुम्हीही दिवसभर बसूनच असता. आज ना उद्या तुमच्यावरही ही वेळ येणार."

मी हे त्यांच्या तब्येतीच्या काळजीने बोललो होतो. साहेब पांढरेफटक पडले आणि त्यांनी मला जायला सांगितलं. मी हेडक्लार्कच्या दाराकडे शेवटचं बघून घेतलं आणि खिडकीखाली जाऊन बसलो. इतकं निराश मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

साहेबांच्या दाराबाहेर आमचा बिनतारी उभा होता. हा माझ्या पलीकडच्या टेबलावरचा कारकून. कुठलीही बातमी तारेशिवाय सगळीकडे पोचवतो म्हणून त्याचं नाव बिनतारी. दुपारपर्यंत हॉलमधली माणसं माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. एकाने स्वतःचा चहा मला दिला. दुसऱ्याने न सांगता माझ्या खिडकीत पुठ्ठा बसवला. नंतर बिनतारी माझ्याजवळ वाकून म्हणाला, "मानलं बुवा तुम्हाला. इतके दिवस पत्ता लागू दिला नाहीत. आज आम्ही पण येतो."

"कशाला?"

"बैठकांना."

मला भरून आलं. मी एकटाच मरत होतो, आता सोबत मिळणार होती. "या की," मी म्हणालो, "पण सैल कपडे घालून या. आणि पायात लोकरीचे मोजे नकोत, निसटायला होतं."

बिनतारीने गंभीरपणे मान हलवली. "निसटता आलंच पाहिजे. लक्षात आलं माझ्या."

संध्याकाळी मी ढगळ पायजमा घालून खुर्ची धरली तोच ऑफिसातले निम्मे लोक घरात शिरले. कोट, टोप्या, मफलर यांचा सोफ्यावर ढीग झाला. ही दारातच थबकली. मी पुढे होऊन म्हणालो, "वेळ घालवायला नको. पाय खांद्याएवढे फाकवा, पाठ ताठ, आणि माझ्याबरोबर सावकाश खाली."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बिनतारीने लोकांना कुजबुजत सांगितलं, "कुणी आलं तर संशय नको म्हणून आहे हे. करा." मग सगळ्यांनी बैठका मारायला सुरुवात केली. इतके गुडघे एकदम वाजलेले मी कधी ऐकले नव्हते. आम्ही सगळे अर्ध्यावर असताना दार उघडलं. दारात साहेब उभे होते आणि त्यांच्यामागे खालच्या बाई.

"सांगितलं नव्हतं मी?" बाई साहेबांना म्हणाल्या. "आता तर अख्खा तबेला भरलाय."

कुणी हललं नाही. काहींना हलता येत नव्हतं, त्यात मी होतो. साहेब खोलीच्या मधोमध आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. "बोला. काय मागण्या आहेत तुमच्या?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. पण मी तोंड उघडायच्या आत हीच मध्ये आली. हातात उलथनं होतं.

"कसल्या मागण्या?" ती म्हणाली. "त्यांचं हृदय नीट नाही. डॉक्टरांनी बैठका मारायला सांगितल्यात, त्या मारतात बिचारे. ऑफिसात कळलं तर जागा मिळायची नाही म्हणून लपवून ठेवलं. मी पण लपवलं. पण आता पुरे झालं. रात्री ह्यांच्या नाकापुढे हात धरून बघते मी, श्वास चालू आहे की नाही ते. मला फार भीती वाटते हो साहेब. काय ते हेडक्लार्क दुसऱ्या कुणाला करा, पण ह्यांना बैठका मारू द्या."

मी अर्ध्या बैठकीतच होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री तोंडापुढे येणारा तो हात माझं घोरणं थांबवायला येतो असं मी समजत होतो, आणि झोपेतच तो झिडकारत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

साहेब कोटांच्या ढिगावर बसले. "म्हणजे त्या बैठका," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे ह्या उठाबशा?"

"हो," मी म्हणालो.

"दुसरं काही नाही? कट वगैरे?"

"मला उभं राहता येत नाहीये साहेब. कट कुठला करतो?"

साहेबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की पडदा हलला. मग ते मोकळेपणाने म्हणाले, "आणि मी दिवसभर डोकं धरून बसलो होतो. शेवटी म्हटलं, ह्या माणसाला हेडक्लार्कची जागा आणि ती खोली आजच कबूल करून टाकावी, म्हणजे तोंड बंद होईल. तेच सांगायला आलो होतो."

"मग सांगा ना," मी म्हणालो.

"आता कशाला? आता मला तुमची भीती कुठे राहिली?" साहेब उठले, आणि त्यांची नजर बिनतारीवर गेली. कागदावर मागण्या लिहून आणणारा तिथे तो एकटाच होता. बैठक मारतानाही त्याने तो कागद हातातून सोडला नव्हता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे हेडक्लार्कच्या खोलीबद्दल बोलत बोलत जिना उतरले. बाकीचेही आपापला कोट शोधून गेले. एक मफलर मात्र जास्तीचा उरला, तो अजून आमच्याकडे आहे.

"माझ्यामुळे गेली तुमची खोली," ही म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला होता की माझा सगळा राग विरघळला.

"जाऊ दे ग," मी म्हणालो. "जीव राहिला तर थंडी काय, काढू."

"नाही, तसं कसं सोडायचं?" हिला एकदम हुरूप आला. "उद्या साहेबांना जाऊन स्पष्ट सांगा. म्हणावं, कट आहेच. हृदयाचं बायकोने मला वाचवण्यासाठी खोटंच सांगितलं. तुमच्यात काय कमी आहे कट करायला?"

रात्रभर मी तयारी केली. सकाळी छाती पुढे काढून साहेबांच्या खोलीत शिरलो. दार मीच लावलं, खुर्चीवर न विचारता बसलो आणि आवाज शक्य तेवढा भारदस्त करून म्हणालो, "साहेब, कालचं सगळं नाटक होतं. मी तुमच्याविरुद्ध कट करतोय."

साहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी बिनतारीला हाक मारून आत बोलावलं आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी चष्मा पुसत ते म्हणाले, "असेच रोज सकाळी येत जा हो. हसणं हृदयाला फार चांगलं असतं."

तेव्हापासून मी रोज सकाळी साहेबांच्या खोलीत जातो आणि कट करत असल्याचं सांगतो. साहेबांची तब्येत सध्या उत्तम आहे.